ट्यूबलाइटखालचा पांढरा

दुकानातल्या पोराचा हात पटकन मागे गेला, एवढंच घडलं होतं. भाच्याच्या गालाशी त्याने पांढऱ्या कोटाची बाही धरली, मान तिरकी करून पाहिलं आणि बाही खाली घेत तो ताईला म्हणाला, "काकू, ह्यांना लाइट कलर नको ओ. अजून दबतील. डार्कमधलं दाखवतो की." बोलण्यात कुजकेपणा अजिबात नव्हता. लग्नसराईच्या तोंडावर त्याच्यापुढे रोज नवरदेव उभे राहतात, कुणाला काय खुलतं ते तो एका नजरेत ठरवतो आणि गिऱ्हाइकाचा वेळ वाचवतो. ताईने लगेच मान हलवली. भाच्यानेही हलवली, आणि मला डाचत राहिलं ते त्याचं मान हलवणं. तिशीला टेकलेला, पुण्यात चांगली नोकरी करणारा, चारचौघांत ठामपणे बोलणारा मुलगा. पण त्या वाक्याचं त्याला ना नवल वाटलं, ना राग आला. कुणीतरी हे म्हणणारच, हे घरातून निघतानाच माहीत असावं इतक्या सहज त्याने मोबाइल खिशात टाकला. त्या मोबाइलमध्ये त्याने एक फोटो जपून ठेवला होता. ऑफ-व्हाइट टक्सेडो, काळ्या सॅटिनची गोल उतरती कॉलर, काळी पँट, काळा बो. लग्न ठरलं तेव्हापासून तो मला तो फोटो दाखवत होता. "मावशी, मुहूर्ताला तुम्ही म्हणाल ते घालतो. धोतर म्हणा, शेरवानी म्हणा. रिसेप्शनला मात्र हा."

"मग काळाच दाखवा," तो त्या पोराला म्हणाला.

काळ्याचं पुढे काय होणार हे मला ठाऊक होतं. घरी आईच्या कानावर ते गेलं आणि ती सोफ्यावर सरळ होऊन बसली. "लग्नात काळं? आणि तेही नवऱ्या मुलाने?" तिच्या लेखी काळ्याचा दिवस एकच, संक्रांतीचा. तिच्या पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा तिने अजून पेटीत ठेवली आहे, हलव्याच्या दागिन्यांचा फोटोही तिच्याकडे आहे, आणि काळ्या मण्यांशिवाय ती एक दिवस राहिलेली नाही. म्हणजे काळ्याशी तिचं वैर नाही, तिचं म्हणणं जागेपुरतं आहे. काळे मणी दृष्ट परतवायला, तीट दृष्ट परतवायला, थंडीत ऊब धरायला काळं लुगडं. आणि अक्षता पडतात तिथे हळदीकुंकवाचा रंग. असा तिचा हिशेब लख्ख आहे. तो मला पटतोही, कारण त्यात काळा रंग हलका ठरत नाही. त्याला त्याचं काम नेमून दिलेलं आहे. पण भाच्याच्या बाजूने पाहिलं तर त्या दिवशी त्याची दोन्हीकडून अडवणूक झाली होती. पांढरा त्याच्या कातडीमुळे गेला आणि काळा आजीमुळे. मग उरला तो दुकानातला मधला सगळा पसारा.

बस्ता बांधायला सांगलीत गेलेल्यांना तो पसारा माहीत आहे. मारुती रोड, हरभट रोड, कापडपेठ. खाली शालू, वरच्या मजल्यावर 'जेन्ट्स वेअर', आणि तिथे भिंतभर कोट. वाइन, बॉटल ग्रीन, मोरपंखी, रॉयल ब्लू, राखाडी, जांभळ्यावर चंदेरी बुट्टी, मखमलीवर जरीचा वेल. ज्याच्या कॉलरला चकचकीत सॅटिन लावलंय तो टक्सेडो, बंद गळ्याचा असेल तर जोधपुरी, गुडघ्यापर्यंत लांब असेल तर इंडो-वेस्टर्न. नवऱ्या मुलीच्या घागऱ्याचा फोटो काउंटरवर ठेवायचा आणि त्याच्याशी मॅचिंग कोट शोधायचा, ही हल्लीची रीत. मला ती रीत वाईट वाटत नाही. दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं आहे हे त्यातून दिसतं. पण त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या मुलांचे चेहरे मी पाहत होते. प्रत्येक जण आरशात बघायच्या आधी दुकानातल्या पोराकडे बघत होता. खुलतोय का? दबतोय का? आपला चेहरा रोज पाहूनही त्याचा निकाल दुसऱ्या कुणाकडून ऐकायला सगळे थांबले होते.

खरं तर टक्सेडो हा कपडा रंग निवडत बसण्यासाठी निघालाच नव्हता. संध्याकाळच्या जेवणाला मागे शेपट्या असलेला लांब कोट घालायची इंग्लंडात पद्धत होती. तेव्हाच्या युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, लंडनच्या सॅव्हिल रो वरच्या हेन्री पूल यांच्या दुकानाने १८६५ च्या सुमारास घरगुती जेवणांना घालायचा एक आखूड कोट शिवला. तो काळा नव्हता, निळ्या रेशमाचा होता. तसा आखूड कोट पुढे अमेरिकेत पोचला. न्यूयॉर्कजवळ टक्सेडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत होती, तिथला क्लब १८८६ साली सुरू झाला, आणि त्या गावाचं नाव कोटाला चिकटलं. तोवर तो काळा झाला होता. काळा लोकरी कोट, कॉलरला रेशीम, पँटच्या बाहेरच्या शिवणीवर रेशमाची एकच पट्टी, पट्टा लावायला लूप नाहीत, बटणं कापडाने मढवलेली. सगळे पुरुष एकसारखे, आणि रंग बायकांच्या कपड्यांत. मग दोन महायुद्धांमधल्या काळात गर्द निळा परत आला. पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या दुसऱ्या एका युवराजाने तो लोकांच्या डोळ्यांत भरवला, आणि त्यामागचं कारण साधं होतं. दिव्याच्या उजेडात काळं कापड हिरवट, विटलेलं दिसतं आणि मध्यरात्रीचा निळा काळ्याहून काळा दिसतो. उन्हाळी देशांत आणि बोटींवर पांढऱ्याकडे झुकणारा कोट आला, तोही शुभ्र नव्हे, सायीसारखा. म्हणजे या कपड्याच्या सगळ्या इतिहासात रंग ठरला तो उजेड बघून आणि हवा बघून. घालणाऱ्याची कातडी कुठली, यावरून तो ठरवायची पद्धत आपण आणली आहे.

आपण म्हणजे कोण, हेही मला सांगायला हवं. आम्ही दोघी बहिणी. ताई गोरी, मी सावळी. आमच्या घरात हे कुणी दुष्टपणाने उच्चारलं नाही, पण ते सतत उच्चारलं जायचं. दिवाळीला दोघींना एकाच ठाणातलं कापड आणायचे, तेव्हाही शिंपीणबाई म्हणायच्या, "मोठीला घ्या हा, धाकटीला जरा फिक्का गुलाबी बघा, उजळ दिसंल." माझ्या दाखवायच्या कार्यक्रमाला फिकट अबोली साडी नेसवली, मानेपर्यंत पावडर लावली, आणि बैठकीच्या खोलीत मला खिडकीकडे पाठ करून बसवलं. खिडकीकडे पाठ का, हे मला पुढे खूप वर्षांनी कळलं. उजेड चेहऱ्यावर पडू नये म्हणून. ज्यांनी मला तसं बसवलं त्यांचं माझ्यावर जिवापाड प्रेम होतं, त्यामुळे राग धरायला जागाच उरत नाही. मला गडद मोरपंखी नेसायची होती. ती मी लग्नानंतर, माझ्या पगारातून घेतली.

ताईची गोष्ट निराळी, पण त्याच धाग्यातली. दाजी सावळे. मुलगा झाला तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत येणारी प्रत्येक बाई पाळण्यात वाकून एकच वाक्य बोलायची, नाक आईचं आणि रंग बापाचा. ताई हसायची. दाजींच्या लग्नातला सूट तपकिरी होता, टेरिवूलचा. तो सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मानाचा म्हणून शिवला होता, आणि दाजींना कुठला रंग हवा हे कुणी विचारलं नव्हतं. अल्बममध्ये दाजींचा चेहरा मानेहून दोन छटा फिका आहे, कारण फोटोग्राफरने पावडरचा पफ स्वतःच्या हाताने फिरवला होता. पोराच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून ताई त्याच्यासाठी कायम गडद कपडे घ्यायची. नेव्ही ब्लू, मरून, चॉकलेटी. त्याच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाचाही तिला त्रास व्हायचा, हे ती मला एकदा बोलली होती. दुकानात तिने इतक्या झटकन मान का हलवली, ते मला त्यावरून कळतं. ती त्याला वाचवत होती. लग्नाला आलेली दोन-अडीचशे माणसं स्टेजवर येऊन जाताना एकमेकांत काय कुजबुजतील, हे तिच्या कानात आधीच वाजत होतं.

आणि तरीही मुहूर्ताला हे काहीच नसतं.

हा विचार माझ्या डोक्यात फार दिवस घोळतो आहे. बोहल्यावर उभी राहणारी मुलगी अष्टपुत्री नेसते. मामाकडची पिवळी. मुलगी गोरी असो, गव्हाळ असो, सावळी असो, काळी असो, पिवळीच. "हिला पिवळा दबेल, दुसरं काहीतरी बघा," असं मी एकाही लग्नात ऐकलेलं नाही. हातात हिरवा चुडा, तोही सगळ्यांना हिरवाच. आदल्या दिवशीची हळद तर कुणाला विचारतच नाही. उखळात कांडलेली हळद तेलात कालवून सगळ्या करवल्या नवऱ्या मुलाच्या कपाळापासून पावलापर्यंत फासतात, आणि सावळ्या कातडीवर ती हळद चढली की अंगाला तांब्याचा तेज रंग येतो. तो मी माझ्या भावांच्या, मेहुण्यांच्या, पुतण्यांच्या अंगावर पाहिला आहे. पंढरपूरला दरवर्षी आमच्याकडून माणसं चालत जातात, ती काळ्या पाषाणाच्या मूर्तीवरचं पिवळं पीतांबर डोळे भरून बघून येतात, आणि परत येऊन सुनेसाठी गोरी मुलगी शोधतात. रंग ठरलेला असतो तिथे माणूस निवांत असतो. निवड हातात आली की तिच्या मागोमाग लाजही येते. कोट निवडायची मोकळीक भाच्याला मिळाली म्हणजे दबतोय का, खुलतोय का, ही परीक्षाही त्याच्या गळ्यात आली. ती मोकळीक काढून घ्यावी असं मी म्हणत नाही. मलाही माझी मोरपंखी हवी होतीच. पण परीक्षक कोण, आणि तो कुठल्या उजेडात बसलाय, एवढं तरी आपण बघायला हवं.

म्हणून मी भाच्याला मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तर म्हणजे आमच्या घरचे जुने शिंपी, कापडपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. रेडीमेडच्या जमान्यात त्यांच्याकडे आता कोट शिवायला थोडेच लोक येतात, बहुतेक वकील आणि बँडवाले. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा दुकान पोटमाळ्यापर्यंत बुडालं होतं. मशीनं त्यांनी उघडून, वाळवून, तेल घालून पुन्हा चालू केली, पण मापांच्या वह्या गेल्या. दाजींचं माप त्यातच होतं. "लगद्याचा गोळा झाला हो ताई," एवढंच ते म्हणाले आणि भाच्याच्या खांद्यावर टेप टाकली. उजवा खांदा अर्धा बोट खाली आहे, पोट नाही पण पाठीला बाक आहे, मान पुढे. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याची पाठ. हे सगळं त्यांनी मोठ्याने म्हणत लिहून घेतलं. रंगाचं त्यांनी शेवटी विचारलं. भाच्याने फोटो दाखवला आणि लगेच सांगूनही टाकलं, की हा मला सूट होत नाही, दुसरं काही सुचवा.

"कोण म्हणालं?"

दुकानात म्हणाले, असं मी सांगितलं. मास्तर काही बोलले नाहीत. कपाटातून त्यांनी पांढऱ्याची दोन ठाणं काढली आणि दोन्ही खांद्यावर टाकून ते बोळाच्या तोंडाशी, जिथे ऊन थेट येत नाही पण आकाश दिसतं, तिथे जाऊन उभे राहिले. आम्ही मागे गेलो. पहिलं कापड त्यांनी भाच्याच्या छातीवर धरलं. टेरी-रेयॉन, चकाकी असलेलं, स्वच्छ पांढरं. मला एकदम दुकानातला तो कोट आठवला. भाच्याचा चेहरा त्यावर खरोखरच राखेचा दिसत होता, ओठ जांभळट, डोळ्यांखाली सावली. मग त्यांनी दुसरं धरलं. तेही पांढरंच म्हणता आलं असतं, पण त्यात किंचित पिवळसरपणा होता, चकाकी नव्हती, हाताला कोरडं लागत होतं, लोकर जास्त होती. आणि तोच चेहरा उजळला. उजळला म्हणजे गोरा झाला, असं मला म्हणायचं नाही. तो जसा आहे तसा सावळा, पण ताजा, रक्त असलेला. गालाच्या हाडावर उजेड थांबला. भुवया दिसल्या. ताई सोबत आली होती, ती काहीच बोलली नाही. तिने ते ठाण स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा एकदा त्याच्या गळ्याशी धरलं.

मास्तरांनी समजावलं ते असं. पांढऱ्यात निळा पांढरा आणि पिवळा पांढरा असे दोन असतात. पूर्वी धोतराला नीळ द्यायचे, तीच गोष्ट आता गिरणीत रसायनाने करतात; ते रसायन उन्हातला न दिसणारा उजेड शोषून घेतं आणि निळसर होऊन परत टाकतं, म्हणून नवं कापड डोळ्यांत खुपेल इतकं शुभ्र वाटतं. त्यावर दुकानातली थंड पांढरी ट्यूब. आपल्याकडच्या कातडीचा पाया पिवळा-तांबडा, त्याच्याशेजारी निळं पांढरं आलं की कातडीतला तांबडा मरतो आणि उरते ती राख. गोऱ्या माणसालाही ते कापड आजारीच दाखवतं, फक्त तिकडे कुणी बोट दाखवत नाही. "पोरगं दबत नव्हतं," मास्तर म्हणाले, "कापड खोटं होतं आणि उजेड खोटा होता." रेडीमेडच्या दुकानांना दारातला उजेड परवडत नाही, काचा लावून आत एसी करावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं, त्या पोराला त्यांनी दोष दिला नाही. दिवसाचे दहा-बारा तास तो त्या ट्यूबखाली असतो. त्याच्या डोळ्यांना तोच उजेड खरा.

सांगलीकरांना हे नवीन वाटू नये. मार्केट यार्डात हळदीचे सौदे बघितलेत तर आठवेल: व्यापारी हळकुंड मोडतो आणि आतला गाभा उघड्यावर, दिवसाच्या उजेडात बघतो. वरची पॉलिश कुणीही चढवू शकतो. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षं जमिनीखाली ठेवलेली हळद बाहेर काढली की तिचाही रंग उजेडातच पारखायचे. रंगावर पोट असलेलं हे गाव. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तिच्या रंगाचा मान मोठा. आणि त्याच गावात माणसाचा रंग मात्र आम्ही ट्यूबलाइटखाली ठरवतो.

हळदीवरून आठवलं, मास्तरांनी एक इशारा दिला, तो पांढरा कोट घालणाऱ्या प्रत्येक नवरदेवाने ऐकावा असा आहे. आदल्या दिवशी लागलेली हळद आंघोळीने जात नाही. ती कानामागे, मानेच्या घडीत, नखांत राहते, आणि संध्याकाळी स्टेजवर दिव्यांच्या उष्णतेने घाम आला की कॉलरवर उतरते. म्हणून शर्टाची कॉलर कोटाच्या कॉलरपेक्षा अर्धा इंच तरी वर हवी, शर्ट दोन हवेत, आणि दुपारी मानेला तेल लावून हळद पुसून काढायची, मग आंघोळ. कोटावर डाग पडलाच तर साबण चुकूनही लावायचा नाही. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, आणि मग घरातली सगळी बायकामंडळी घाबरून आणखी साबण लावतात. ओल्या फडक्याने टिपायचं आणि कोट ड्रायक्लीनला द्यायचा. सुती कपडा असेल तर धुऊन कडक उन्हात टाकायचा, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. काळा कोट घेतला तर यातलं काही नको, हे मास्तरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. गर्द निळ्याचंही एक ठाण त्यांनी दाखवलं, आणि ते फार सुंदर होतं. दुसऱ्या कुणासाठी असतं तर मी तेच घ्या म्हटलं असतं. संध्याकाळच्या लॉनवर, पिवळ्या दिव्यांत, गर्द निळ्याला तोड नाही. आजीचा काळ्याचा आक्षेपही त्यातून सुटला असता. पण भाच्याने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्याचा हात त्या पिवळसर पांढऱ्या ठाणावर होता.

कॉलरवरून थोडी चर्चा झाली. जुन्या नियमाने ऑफ-व्हाइट कोटाची कॉलर त्याच कापडाची असते, रेशीम काळ्या कोटाला. मास्तरांचं मत तेच, माझंही तेच. कापड चांगलं असेल तर त्याला किनार लागत नाही. भाच्याला काळी सॅटिनचीच हवी होती, त्या फोटोतल्यासारखी. कोट त्याचा, फोटो त्याचा. मास्तरांनी फक्त चमकती सॅटिन नाकारून बारीक रेघांची, मंद काळी पट्टी काढली आणि ती दोघांनाही आवडली. पँट काळी, बाजूला पट्टी, पट्ट्याचे लूप नाहीत, कमरेला दोन्हीकडे बकल. बो तयार गाठीचा न घेता बांधायचा घ्यायचा, असं भाच्याने ठरवलं आहे आणि रोज रात्री पुण्याच्या खोलीत आरशासमोर तो बांधायला शिकतो आहे. होणाऱ्या सूनबाईंना फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी बॉटल ग्रीन नेसतेय, तुम्ही मॅचिंगच्या मागे लागू नका, त्याला हवाय तो शिवा." त्यांच्या वडिलांनी सुटाचा खर्च आमच्याकडून, हा रिवाज आहे, असा आग्रह धरला. दाजींनी नम्रपणे नको म्हटलं. त्यांचा तपकिरी सूट अजून कपाटात आहे. तो त्यांनी त्या संध्याकाळी बाहेर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता, हे मी पाहिलं. ते काही बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

आजीला पँट काळी आहे हे सांगावंच लागणार होतं. तिने थोडा विचार केला. "अक्षता पडेपर्यंत अंगावर काळा धागा नको. पुढं संध्याकाळचं तुमचं तुम्ही बघा." मग कोटाच्या कापडाचा तुकडा मागून घेतला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला, आणि मोती कलर म्हणाली. तो तुकडा तिने परत दिलेला नाही.

राहता राहिला फोटोग्राफर. हल्ली पावडरचा पफ लागत नाही, ते काम कॉम्प्युटर करतो. त्याने आणलेल्या नमुन्याच्या अल्बममध्ये सगळे नवरदेव एकाच कातडीचे होते, सगळ्या नवऱ्या एकाच पिठाच्या, आणि दोन पानं उलटल्यावर कोण कुठल्या घरचं ते कळेना. भाच्याने त्याला समोर बसवून सांगितलं, "चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही. एकाही फोटोत नाही." तो गोंधळला. सगळेच करून मागतात, न केलं तर तक्रार करतात, असं त्याने सांगितलं, आणि ते खरंच असणार. उजेड कमी पडला तर दिवा वाढवा, चेहरा वाढवू नका, असं भाचा पुन्हा म्हणाला. इतक्या वर्षांत त्याला या विषयावर बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ताई चहाचे कप उचलत होती, ती थांबून ऐकत राहिली.

लॉनवाल्याकडे बोलणी करायला मग तीच गेली, मला सोबत घेऊन. विश्रामबागच्या बाजूचं ते लॉन, स्टेजला जांभळे-निळे दिवे द्यायची त्यांची नेहमीची पद्धत. ताईने स्पष्ट सांगितलं, स्टेजवर निळा दिवा नको, जांभळा नको, चेहऱ्यावर पिवळसर पांढरा उजेड हवा, आणि तो समोरून हवा. डेकोरेटर म्हणाला, तसे दिवे कोल्हापूरहून मागवावे लागतील, जादा पैसे पडतील. ताई म्हणाली, "पडू देत. लिहून घ्या."